झुल्मीराची फुगलेली टाकी

आमच्या मोटारसायकल-टॅक्सीच्या थांब्यावर सगळे पुरुष आणि एक झुल्मीरा. मी तिथंच टपरीवर कॉफी आणि चीजचे गोल पाव विकते, त्यामुळे कोणाची बायको रुसली आहे, कोणाचा ब्रेक कुरकुरतो आहे, हे मला न विचारता कळतं. झुल्मीरा सगळ्यांच्या आधी यायची. हेल्मेट आरशाला अडकवायची, पिवळ्या जाकिटाच्या कॉलरमध्ये खोवलेली सुई काढायची आणि गाडीच्या टाकीवर वाकायची.

टाकीवर तिच्या नवऱ्यानं, आदेमारनं, लाल रंगात ब्रशनं लिहिलं होतं, ‘आत्ता आलोच’. घरातून पाय बाहेर टाकताना तो हेच म्हणायचा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पाळीला जाताना म्हणायचा, कोपऱ्यावर बिअर प्यायला जाताना म्हणायचा, आणि दोन्हीकडून यायला सारखाच उशीर करायचा. एके दिवशी पाळीवर त्याच्या छातीत कळ आली. नळांच्या शेजारी जो बसला तो उठलाच नाही. गाडी कारखान्याच्या फाटकापाशी उभी होती. झुल्मीराला तेव्हा चालवता येत नव्हती, तिनं ती ढकलत घरी आणली. पुढं तीच गाडी शिकली आणि तीच गाडी थांब्यावर लावली. त्याआधी गुडघे जाईपर्यंत तिनं ऊस तोडला होता. या बाईला बसून खाल्लेला घास कधी मिळालाच नाही.

आता सुई कशाला? तर टाकी नायलॉनची. जुन्या, परदेशी बनावटीच्या उंच गाडीची. आमच्याकडच्या पेट्रोलात चौथ्या हिश्शाहून जास्त अल्कोहोल असतं, आणि तेही आमच्याच उसाचं, आदेमारच्याच डिस्टिलरीत तयार झालेलं. लोखंडी टाकीच्या आरपार ते जात नाही. नायलॉनमधून मात्र त्याची वाफ हळूहळू झिरपते आणि वरचा रंग उचलते. रंगाला पुरीसारखे फुगे येतात. झुल्मीरा रोज ते टोचायची आणि अंगठ्यानं दाबून अक्षरं खाली बसवायची. थांब्यावरचे लोक विचारायचे, नवऱ्याला आजचं इंजेक्शन दिलंस का? ती मान वर न करता म्हणायची, “दिलं. तुझ्या जिभेला द्यायचं राहिलंय.”

जून महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या कोरड्या, ऊसतोडीच्या दिवसांत, उसाच्या ट्रकमधून सांडलेल्या कांड्यांवरून तिची गाडी घसरली. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं. गाडी अंगणात, आणि तिथं दिवसभर ऊन. ऊन अक्षरांना खाईल म्हणून तिनं थांब्यावरच्या दोघांना बोलावून टाकी उतरवून घेतली आणि मागच्या खोलीत बाकावर ठेवली. खिडकी लावून घेतली. आणि ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरली.

यात तिला मूर्ख म्हणायचं कारण नाही. गाडी बसून राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, रिकामी राहिली तर आतून गंजते, हे आमच्या गावात दूधपित्या पोरालाही ठाऊक आहे. एरवी आम्ही सगळे रोज दोन लिटर टाकणारे. टाकी भरणं हा आमच्याकडं आजारी गाडीचा मान. फक्त तो नियम लोखंडाचा होता. नायलॉन काय गंजणार होतं कपाळ?

मी तिला भेटायला गेले तर घरात डिस्टिलरीचा वास. मी भांडले. गॅस पेटवतेस आणि भिंतीपलीकडं पेट्रोल ठेवतेस, एक दिवस गल्लीसकट उडशील, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि चहा टाकला. मग म्हणाली, त्याच्या कपड्यांना असाच वास यायचा.

प्लास्टर निघालं तेव्हा मेकॅनिक निवाल्दो टाकी बसवायला आला. टाकी पुढं बसली, मागं बसेना. मागच्या बोल्टचं भोक बोटभर मागं सरकलं होतं, आणि हँडल वळवलं की टाकीला टेकत होतं. एवढे दिवस भरून, कोंडून, बोल्टच्या पकडीशिवाय पडलेली टाकी अल्कोहोल पिऊन अंगानं सुटली होती. अक्षरांवर तर द्राक्षांएवढे फुगे.

“दाब ना जरा,” झुल्मीरा म्हणाली.

“दाबलं तर बोल्टचा कान तुटेल, झुल्मीराबाई. मग भिंतीवर लावायच्याही लायकीची राहायची नाही.”

उपाय एकच होता. टाकी रिकामी करायची, झाकण उघडं ठेवायचं आणि हवेशीर सावलीत कित्येक आठवडे सुकू द्यायची. आत शिरलेलं निघून गेलं की नायलॉन आपसूक आखडतं. निवाल्दोनं भंगारातली एक लोखंडी टाकी पट्ट्या मारून गाडीवर बसवली. काळी, पोचे पडलेली. झुल्मीरा तिच्यावर बसून कामाला लागली, पण दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखी अवघडून.

नायलॉनची टाकी माझ्या टपरीमागच्या पडवीत टांगली. म्हणजे ती सुकताना मी रोज पाहिली. पहिले काही दिवस फुगे आपोआप बसत गेले, आणि झुल्मीरा इतकी खूश झाली की दोन पाव जास्त खाऊन गेली. मग नायलॉन आखडायला लागलं. रंग कसा आखडणार? ताणलेला रंग सुरकुतला, कडा उचकटल्या. ती नखाला लावायचं पारदर्शक पॉलिश घेऊन आली तेव्हा निवाल्दोनं तिचा हात धरला. वरून झाकलंस तर खालची वाफ सगळंच उचलून नेईल, म्हणाला. ती बाटली अजून माझ्याकडं पडून आहे.

एका सकाळी ‘आत्ता’ हा शब्दच्या शब्द पडवीत खाली पडलेला होता. लाल पापुद्रे. झुल्मीरानं ते वेचून कागदी कपात भरले. मला संताप आला. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही. पेट्रोलचा, कारखान्याचा, की त्या आदेमारचा? मेल्यानं नीट भिंतीवर, दारावर लिहायचं सोडून नेमकं पेट्रोलच्या पोटावर लिहून ठेवलं. मी सुचवलं, एखाद्या पेंटरकडून पुन्हा काढून घे, हुबेहूब करतात.

“दुसऱ्यानं लिहिलं तर ते दुसऱ्याचंच म्हणणं झालं ना गं,” ती म्हणाली आणि कपावर बशी ठेवली.

पाऊस सुरू व्हायच्या बेतात टाकी जाग्यावर आली. निवाल्दोनं ती गाडीवर ठेवून पाहिली. भोकाला भोक मिळालं, हँडल मोकळं फिरलं. टाकीवर ‘आलोच’ एवढंच उरलं होतं, तेही कडेनं कुरतडल्यासारखं. तो भला माणूस आहे, त्यानं समजावून सांगितलं. रिकामी राहिली तर उरलेलं टिकेल. घरी भिंतीवर लाव. लोखंडी टाकीवर गाडी चांगली चालते आहे, चालू दे. या नायलॉनमध्ये पेट्रोल पडलं की पुन्हा फुगे येणार, आणि या वेळी रंगाला धरायला काही उरलेलं नाही.

झुल्मीरा माझ्या स्टुलावर बसली. कॉफी गार झाली तरी हातात तशीच. समोरून उसाचे ट्रक जात होते, त्यांची काजळी आमच्या कपांत पडत होती. मनगट दुखत असावं, ती दुसऱ्या हातानं ते चोळत होती.

“बसव,” ती म्हणाली. “आणि दोन लिटर टाक. रोजच्यासारखं.”

निवाल्दोनं माझ्याकडं पाहिलं. मग मलाच बोलावं लागलं. म्हटलं, झुल्मीरा, उरलंय तेवढं तरी राहू दे गं.

“राहील की. भिंतीवर राहील. पण त्यानं ते गाडीवर लिहिलं होतं, इरासी. निघताना दिसावं म्हणून.” तिनं गार कॉफी बाजूला ठेवली. “आणि मी दमले गं. रोज सकाळी उठून टोचायचं, दाबायचं. दमले मी.”

निवाल्दोनं बोल्ट आवळले. पेट्रोल पडलं. तिनं कॉलरमधली सुई काढून माझ्या हातात दिली. तुझ्या टपरीचा पडदा फाटलाय, शिवून टाक, म्हणाली. मी सुई घेतली. डोळे भरून आले होते, म्हणून पडद्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात दवाखान्यात जायचं म्हणून एक म्हातारी आली. झुल्मीरानं तिला हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावून दिला, मागं नीट बसवलं. इतक्या वर्षांत निघताना ती कधी काही बोलली नव्हती. मान हलवायची आणि गाडी काढायची. ते शब्द टाकीवर होते, तिनं कशाला तोंड उघडायचं? त्या दिवशी तिनं गाडी सुरू केली आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

“आत्ता आलेच,” म्हणाली.

मी ‘बरं’ म्हटलं. चढावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग कामाला लागले, पण कान रस्त्याकडंच.

थोड्या वेळानं ती आली. हेल्मेट आरशाला अडकवलं, टाकीकडं न बघता स्टूल ओढलं आणि गरम कॉफी मागितली.