अकराव्या प्रकरणातली आठ पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कदाचित माझी कादंबरी वाचली असेल — म्हणून असेल.

मी बेळगावकडच्या एका खेड्यातला. घरात मराठी, शाळा कानडी. मराठी फडाफडा बोलतो, पण देवनागरी लिहायला बसलो की हात अडखळतो. म्हणून बुजवलेल्या तळ्यांच्या नगराची ती अद्भुतरम्य कादंबरी मी लिहिली मराठीत, पण कानडी लिपीत. नोकरीच्या शहरात, कोरमंगलातल्या पीजीत, ऑफिसच्या कॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत — सहा वह्या. हसू येतंय ना? असल्या वह्या कुठला प्रकाशक वाचणार?

वाचल्या त्या शकुंतलाक्कांनी. मित्राच्या ओळखीतून भेटलेल्या, यशवंतपूरला राहणाऱ्या, शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या याच कानडी शहरातलं, मराठीत निम्मी कानडी. दर रविवारी मी वही घेऊन जायचो आणि त्या एका बोटानं टकटक करत ती देवनागरीत टाइप करायच्या. मी समोर बसून त्यांच्या हातचं उप्पीट खायचो आणि चिडचिड करायचो.

कारण आधी टाइप करून पाठवलेल्या खर्ड्याला चार प्रकाशकांनी नकार दिला होता. चौघांचं म्हणणं एकच — शेवटाशी येऊन गाडी अडते. नायिका बुजलेलं तळं परत आणते, आणि पुढे? पुढे मी लढाई लावायचो. कधी राक्षसांशी, कधी राजाच्या फौजेशी. अकरावं प्रकरण सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा मलाच जांभई आली. शेवटी एका रविवारी वही टेबलावर आपटली, ‘आहे तसं राहू दे’ म्हणालो आणि निघून आलो.

पुढच्या रविवारी फाइल उघडली, तर माझी लढाई गायब. तिच्या जागी आठ पानं, माझ्या वहीत नसलेली. तळं परत येतं, पण कुणालाच बुडवत नाही. आपल्या जागेवर बांधलेल्या घरांच्या पायरीशी येऊन थांबतं आणि विचारतं, ‘हे माझंच घर होतं. आत येऊ का?’

मी भडकलो. नको ते बोललो. अक्का शांतपणे म्हणाल्या, “कोप करू नको रे. तू स्वल्प दमला होतास, म्हणून लिहिलं. नको तर काढून टाक की.”

काढली का? नाही. फाइल तश्शीच पाचव्या प्रकाशकाकडे पाठवली. संपादकबाईंचा फोन आला तो त्याच प्रकरणासाठी. हे कसं सुचलं तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. आणि मी — क्षणभरही न थांबता — म्हणालो, सुचलं बुवा.

पुस्तक छापून यायला वर्ष गेलं. मुद्रितं आली, मुखपृष्ठ आलं, किती वेळा बोलता आलं असतं! ऋणनिर्देशात मी काय लिहिलं माहीत आहे? ‘टंकलेखन : शकुंतलाक्का.’ टंकलेखन! अजूनही ते पान उघडलं की स्वतःचीच चीड येते.

प्रकाशनाच्या दिवशी एका वाचकानं तळ्याच्या ‘आत येऊ का?’ या ओळीबद्दल विचारलं. मी माइक घेतला आणि तळं बुजवून बांधलेल्या एका इमारतीसमोर उभा असताना ती कशी सुचली, अंगावर कसा काटा आला, हे रंगवून सांगितलं. अक्का दुसऱ्या रांगेत होत्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. आता बोलतील, असं वाटलं — त्यांनी बोलावं, असंही वाटलं. त्या म्हणाल्या, “सरी झालं बघ, अगदी नीट. माझं एक अक्षर बदलला नाहीस.” त्यांना खरोखर आनंद झाला होता.

त्यानंतर मी यशवंतपूरला गेलो नाही. त्यांचा फोन आला की काम आहे म्हणतो. काम कसलं?

पुस्तकावर सही मागणाऱ्यांना वर तळ्याची ती ओळ लिहून हवी असते. मी लिहितो. हा कबुलीजबाबही आधी कानडी लिपीत लिहून, मग एकेक अक्षर चाचपडत इथं उतरवलाय. देवनागरीत हात न अडखळता मला एकच ओळ लिहिता येते, आणि ती अक्कांची आहे.