बाबांच्या वाट्याचं वचन

आमच्याकडे नव्या वर्षाच्या सकाळी वचनं काढतात. बाबा बायबलमधल्या ओळी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकतात. प्रार्थना झाली की प्रत्येकानं एक उचलायची. जी निघेल ती वर्षभर आपली. चर्चशी मी नऊ वर्षांपूर्वीच कट्टी केली होती. तरी त्या दिवशी कोराडीला बाबांकडे जायचे, खोटं कशाला बोलू, त्यांच्या हातच्या मटणासाठी.

त्या वर्षी आम्ही दोघंच होतो. आई जाऊन तीन वर्षं झालेली. मी चिठ्ठी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. बायबलमधल्या सगळ्यात लांब स्तोत्राची अगदी शेवटची ओळ होती ती: मेंढरासारखा मी वाट चुकलो, तूच मला शोध, तुझं सांगणं मी विसरलो नाही, अशा अर्थाची. म्हटलं, टोमणा मारायचा तर तोंडावर मारा, देवाला कशाला मध्ये घालता? माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. चर्चला का येत नाहीस, असं त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे आपण त्यांच्या लेखी वाया गेलेलोच, हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं, आणि तेच खुपत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"तुह्यासाठी नाही वं ते. माह्यासाठी लिहिलं होतं."

मला कळेचना. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, सगळी गाणी तोंडपाठ असलेला हा माणूस हरवला कुठं? मग त्यांनी हळूहळू सांगितलं. आई गेल्यापासून प्रार्थनेत नुसते ओठ हलतात, आत काहीच नसतं. चर्चच्या पाळकांनाही बोलले नव्हते. दर वर्षी ही ओळ लिहून डब्यात टाकायचे, आणि ती त्यांच्या हाती लागायचीच नाही.

मग चर्चला जाता काहून, मी विचारलं.

"लेकरू बाजारात हरवलं, तर त्यानं जागचं हलू नये. शोधणाऱ्याले सापडलं पायजे. म्हणून मी तिथं जाऊन उभा राहतो."

मी हातातली चिठ्ठी परत वाचली. एवढं लांबलचक स्तोत्र, सगळं देवाच्या आज्ञांच्या प्रेमात गायलेलं, आणि शेवटी गाणारा म्हणतो काय, तर मी हरवलोय, तू ये. परत येतो, असं तो म्हणतच नाही! लहानपणापासून ऐकत आले, पण हे कधी कानात शिरलंच नव्हतं. चुकलेल्यानंच मान खाली घालून परत यायचं असतं, असं मी धरून चालले होते, आणि त्याच हट्टानं अडून बसले होते. इथं माझा बाप तीन वर्षं रिकाम्या मनानं, कुणाला न सांगता, दर रविवारी उभा होता. केवढी ही छाती! मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले. बाबा उभे राहिले, तशी शेजारी मीही राहिले. विश्वास माझा आजही नाही. पण त्यांना शोधत कुणी आलंच, तर हा माणूस इथं आहे, हे सांगायला कुणीतरी हवं.