कुंपणालगतचा तंबू

ताईची झोप फार सावध. शेजारच्या घरात कुणी खुर्ची सरकवली तरी तिला जाग यायची. तिची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेली. तिथल्या बायका म्हणायच्या, "ताईंच्या उशाशी टाचणी पडली तर त्या उठतील, टाचणी डबीत ठेवतील आणि मग आपल्याला रागावतील." बायका खोखो हसायच्या. ताई मात्र चादरींच्या घड्या घालत राहायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अशी झोप काही ती जन्मताना घेऊन आली नव्हती. आई गेली तेव्हा ताईची शाळा संपत आली होती आणि भाऊ नुकता घरभर पळायला लागला होता. वडिलांना दमा. आतल्या खोलीत वडील, बाहेरच्या खोलीत धाकटा आणि मधल्या दारात ताईची गादी. एक कान खोकल्याकडे, एक कान पोराकडे. पुढे वडील गेले, धाकटा मोठा झाला, लग्न करून वेगळा राहू लागला. पण एकदा ताणलेले कान काही सैल झाले नाहीत. झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं ठणकायचं की लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरपुढे उभं राहवत नसे.

धाकट्याला शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट मिळालं आणि तो त्याचाच होऊन बसला. ताईची पाळी पहाटेची. दुपारी ती घरी येऊन जरा अंग टाकायची आणि नेमकी तीच त्याची सरावाची वेळ. तो स्वयंपाकघराचं दार लावायचा, फटीत टॉवेल कोंबायचा आणि वाजवायचा. तरीही ताई भिंतीवर थाप मारायचीच. थाप पडली की वाजवणं थांबायचं. शाळेत त्याचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा हिची पाळी असायची. नंतर तो इकडेतिकडे, लग्नाकार्यात वाजवू लागला, तेव्हा ही थकलेली असायची. "तुझं वाजवणं मी रोज ऐकतेच की रे," ती म्हणायची. ते खरंही होतं. फक्त ऐकलं होतं ते भिंतीपलीकडून.

धाकटा चाळिशीला आला. पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांबरोबर वाजवायचा. एके दिवशी तो गाडी तशीच रस्त्यात लावून ताईकडे आला. तलावाकाठच्या मोठ्या संगीत महोत्सवात त्यांना बोलावलं होतं. तीन दिवसांचा महोत्सव, हजारो माणसं, मैदानंच्या मैदानं तंबूंनी भरलेली. यांचं वाजवणं लहान मंचावर होतं, पण बोलावणं ते बोलावणं.

"ताई, या वेळी पाळी-बिळी काही सांगायची नाही," तो म्हणाला. "रजा टाक."

"टाकते. पण राहायचं कुठे?"

त्याने मैदानाचा नकाशा टेबलावर पसरला. हे मोठं मैदान तरुण पोरांचं, तिथे कुणी डोळा मिटत नाही. इथे गाड्यांमध्ये झोपणारी माणसं. पलीकडच्या खेड्यातल्या शाळेत खाटा मिळतात, पण एका हॉलमध्ये पन्नास घोरणारे. "आणि इथे, मंचामागे, वाजवणाऱ्यांची जागा," त्याने बोट ठेवलं. "इथे आमच्या शेजारी तुझा तंबू."

"जनरेटर कुठेय?"

"लांब आहे गं."

"लांब म्हणजे? आणि रात्री मध्येच बाथरूमला जायचं झालं तर?"

भावजय बरोबर आली होती. ती हळूच म्हणाली, "ताईंना झेपणार नाही बहुतेक."

"न झेपायला काय झालं? मी बघतो सगळं," धाकटा म्हणाला आणि नकाशाची घडी घालून निघून गेला.

ताईने आठवडाभर विचार केला. तंबूचं नुसतं कापड, त्यापलीकडे अनोळखी माणसं, त्यांचं हसणं, बोलणं. सकाळी चेहरा सुजलेला, डोकं ठणकतंय आणि सगळ्यांसमोर आपण किरकिर करतोय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. शेवटी तिने नदीपलीकडच्या गावातल्या एका लॉजला फोन केला आणि मागच्या बाजूची, रस्त्यापासून आतली खोली सांगून ठेवली. लॉजपासून मैदानापर्यंत बस होती. धाकट्याला मात्र तिने काही कळवलं नाही. फोनवर तो हिरमुसेल, समोरासमोर सांगू, असं म्हणत म्हणत दिवस गेले.

महोत्सवाच्या पहिल्या दुपारी ती फाटकाशी उतरली. धाकटा निळा शर्ट घालून उभा होता. त्याने तिची पिशवी खांद्यावर टाकली आणि माणसांच्या गर्दीतून वाट काढत तिला मागे घेऊन गेला. कुंपणालगत, एका झुडपाच्या आडोशाला एक लहान तंबू उभा होता. आत खरी खाट होती, पावाच्या गाडीतून आणलेली. खाटेवर घट्ट ताणून बसवलेली चादर, तिच्या लाँड्रीत घालतात तशी, कोपरे दुमडून.

"ही जागा आमच्या ढोलकवाल्याच्या वाट्याला आली होती," धाकटा म्हणाला. "त्याच्याकडून मागून घेतली. काल मी स्वतः आत पडून बघितलं. जनरेटर ऐकूच येत नाही. तलावाच्या पाण्याचा थोडासा आवाज येतो, तेवढाच."

ताईने खाटेवर हात ठेवला. तिथेच तिने म्हणायला हवं होतं की खोलीचं काय ते बघू, राहते इथेच. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण माणसाचा हेका मोठा वाईट. आठवडाभर जे मनाशी घोकलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मी गावात खोली घेतलीय रे. तिथे सांगून ठेवलंय."

भावजय पाण्याची बाटली भरत होती, तिचा हात थांबला. धाकट्याने तंबूच्या दोरीची गाठ उगीच सोडली आणि परत बांधली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "तुझी झोप महत्त्वाची. आम्ही उद्या दुपारी वाजवतोय, त्याच्या आधी आलीस की झालं."

तो रागावला असता तर ताईला सोपं गेलं असतं. जेवायला थांबा म्हणून ढोलकवाल्याने आग्रह केला, पण बस चुकेल म्हणून ती उजेड असतानाच निघाली. बसमधून तिला झुडपामागे तंबूचं टोक दिसलं. तिने मान फिरवली.

खोली खरोखर छान होती. जाड पडदे, जाड भिंती. ताईने खिडकी लावली, फोन बंद केला आणि कपाटाच्या खणात टाकला. मग नवलच झालं. कितीतरी वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप तिला लागली. ना स्वप्न, ना कूस बदलणं. जाग आली तेव्हा पडद्याच्या कडेने ऊन आत आलं होतं आणि अंग पिसासारखं हलकं झालं होतं. तिने सावकाश अंघोळ केली. खाली जाऊन लोणी-पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं. आज आपण त्याच्यासमोर अगदी ताज्यातवान्या बसू, असं तिच्या मनात आलं आणि खोली घेतल्याचं तिला बरंच वाटलं.

"तुम्ही मैदानावर नाही गेलात?" लॉजच्या मालकीणबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं. "दुपारी वादळी वारा सुटणार म्हणतात. म्हणून सगळे कार्यक्रम सकाळीच उरकून घेताहेत."

ताईने कप खाली ठेवला. वर जाऊन फोन चालू केला. धाकट्याचे फोनवर फोन येऊन गेले होते. शेवटी भावजयीचा निरोप होता. ताई, आता निघालात तरी पोचाल, हे सगळ्यांत शेवटी वाजवणार आहेत.

बस निम्मी रिकामी होती, कारण माणसं उलट दिशेने परतत होती. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. ताई उतरून चालायला लागली, मग जमेल तशी पळायला लागली. लहान मंचाशी पोचली तेव्हा समोरच्या गवतावर थोडीच माणसं उरली होती, तीही चटया गुंडाळत होती. मंचावर धाकटा क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पुसत होता. त्याने वर पाहिलं.

"आलीस?" तो म्हणाला. "सावकाश. धाप लागलीय तुला."

शेजारून जाणारी एक बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, "त्या निळ्या शर्टवाल्याने काय वाजवलं रे."

काय झालं ते नंतर भावजयीने सांगितलं. दोन वेळा त्यांनी आपली पाळी दुसऱ्यांना दिली. शेवटी आयोजक म्हणाले, आता वाजवा नाहीतर राहू द्या. मग धाकटा माईकपुढे उभा राहिला. म्हणाला, हे माझ्या ताईसाठी. तिची झोप फार सावध आहे आणि आत्ता ती झोपलीय, म्हणून मी हळू वाजवतो. लोक हसले. आणि त्याने खरंच इतकं हळू वाजवलं की मागची माणसं पुढे सरकून बसली.

"मस्करीत म्हणाले हो ते," भावजय घाईने म्हणाली. "टोमणा नव्हता."

टोमणा नव्हता, हे ताईला ठाऊक होतं. म्हणूनच ते तिच्या आत रुतून बसलं.

वारा सुटायच्या आत तंबू उतरवायचे होते. ताईने आणि धाकट्याने मिळून कुंपणालगतचा तंबू उतरवला, खाट गाडीत चढवली. ती "अरे, मी..." म्हणाली की तो म्हणायचा, "ते टोक धर." शेवटी एवढंच बोलला, "असू दे ताई. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष तसं आलंच नाही. ढोलकवाला दुसऱ्या शहरात गेला, कारखान्याने धाकट्याला लांबच्या फेऱ्या लावल्या. मग त्याचे पुढचे दात दुखायला लागले, दोन काढावे लागले. क्लॅरिनेट पेटीत गेलं ते गेलंच. ताईने एकदा धीर करून म्हटलं, "मला एकदा वाजवून दाखव ना." तो हसला. "आता नुसती हवा निघते गं तोंडातून."

ताईने मात्र एक गोष्ट करून ठेवली होती. महोत्सवाहून परतल्यावर लाँड्रीत बायकांनी विचारलं, कसं झालं? खरं सांगायला जीभ रेटली नाही. ती म्हणाली, "छान झालं. मी अगदी पुढे बसले होते." एकदा पुढे बसल्यावर पुढचंही सांगावं लागलं. त्याचा निळा शर्ट सांगितला, तो किती हळू वाजवत होता ते सांगितलं, आपल्याकडे बघून तो माईकवर काय म्हणाला तेही सांगितलं. नव्या बायका यायच्या, जुन्या म्हणायच्या, ताई, तुमच्या भावाचं सांगा ना. ती सांगायची. सांगता सांगता कधीकधी तिला वाटायचं, आपण खरंच तिथे होतो.

ताईच्या निवृत्तीच्या दिवशी तिचं सामान न्यायला धाकटा गाडी घेऊन आला. चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर चहा मांडला होता. रोलरवर काम करणारी बाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तुम्हीच का ते क्लॅरिनेटवाले? ताईंनी इतकं सांगितलंय की आम्हाला तुमचा कार्यक्रम पाठ झालाय. ताई पुढेच बसल्या होत्या ना हो?"

ताईने हातातली बशी टेबलावर ठेवली. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "अगदी पुढे. तिला बघूनच मला वाजवता आलं."

सामान गाडीत चढवून दोघं निघाले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ताई म्हणाली, "मी त्यांना काय काय सांगत आले..."

"कळलं मला."

"तू किती मनापासून सगळं केलं होतंस. ती खाट, ती चादर. मी तिथे राहायला हवं होतं रे."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच पूर्ण बोलली. धाकटा समोरच्या काचेतून बघत होता.

"खोली चांगली होती का गं?" त्याने विचारलं.

"चांगली होती."

"झोप लागली होती?"

"लागली होती," ताई म्हणाली. "फार गाढ लागली."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि धाकट्याने गाडी तिच्या घराच्या रस्त्याला वळवली.