काशाच्या खिडकीतला टॉवेल

दोन हजार वीस साल. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा, काशा दोन वर्षांनी मोठा. माझा शेजारी, लहानपणचा सोबती. मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत जन्म घालवून छाती गमावून बसलेला, खिशात कायम तोंडानं ओढायचा पंप. आता, इतक्या सालांनी, महिना झाला त्याला जाऊन... मी चौथी नापास, पण हे मलाच लिहायला हवं.

त्या साली रोगानं सगळं बंद झालं. कंपन्यांची धुराडी थंड पडली. संध्याकाळी नाकात शिरणारा तो सडका-गोड वास गेला आणि ओट्यावरून प्रबळगडाचा कडा हाताला लागेल असा दिसायला लागला. काशा पंप घरात ठेवून बाहेर बसायचा. म्हणायचा, "गोमा, श्वास पार पोटात उतरतोय रं. फुकाट हाय, तू पण घे."

माझा राब त्याच्या खिडकीमागंच. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पाला, गवत रचून उन्हाळ्यात भाजतात, तो राब. बाप भाजायचा, आजा भाजायचा. मला रचताना बघून काशा म्हणाला, "एवढं साल नको भाजू रं."

"मग रोप काय तुझ्या पंपानं फुंकू?"

तो हसला. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पेटवला. वारा पडलेला. धूर वर जाईना, काशाच्या घरालाच धरून बसला. काशाला जी ढास लागली ती थांबेचना... आळीनं धडाधड दारं लावली. "काशाला झालाय!" कुणीतरी फोन केला, पांढऱ्या कपड्यांतली माणसं गाडी घेऊन आली. वहिनी, त्याची बायको, ओरडत होत्या, "अवो, धूर लागलाय त्यांना!" कोण ऐकतो? मी काठी धरून राबाकडं बघत उभा. एक शब्द पुरला असता. पण मग चारचौघांत राब विझवावा लागला असता... गाडीत चढताना काशानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी परत आला. तपासात काहीच निघालं नव्हतं. तरी त्याच्या ओट्यावर बसणं लोकांनी सोडलं ते सोडलंच. मला तो कधी टोचून बोलला नाही. फक्त दर साली मी राब रचला, की कंपनीतला जुना टॉवेल ओला करून खिडकीच्या फटीत कोंबायचा. आणि मी दर साली भाजत राहिलो. न भाजणं म्हणजे कबूल करणं.

बाराव्याला पंगतीत कुणीसं म्हणालं, "त्या रोगानंच पोखरला त्याला." मी घास ताटात ठेवला.

"त्याला रोग झालाच नव्हता," मी म्हणालो. "माझा धूर होता तो."

वाढता वाढता वहिनी थांबल्या. "त्यांना ठाव होतं, भावजी. तुमी कवा सांगताय, येवढीच वाट बघत व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंदाचा रचलेला राब मी उसकटला, टोपली टोपली करून खताच्या खड्ड्यात टाकला. परतलो तर खिडकीत टॉवेल तसाच, वाळून कडक झालेला. तो बाहेरून ओढून काढला.