दादानं न दिलेला गोल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपूरला मुलीकडे होते. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा झोपेतच गेले…" भोपाळच्या गाडीत बसले, तर दादाचं म्हातारपण काही केल्या डोळ्यांपुढे येईना. दिसत होता तो काळ्या अर्ध्या चड्डीतला, कॅनव्हासचे बूट घातलेला तरुण पंच.

राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूरची कचेरी भोपाळला हलली आणि तिच्याबरोबर दादाही आला. आईवडील नव्हते, म्हणून त्याचं घर सांभाळायला मी. नागपुरात तो फुटबॉल खेळायचा. गुडघा दुखावल्यावर परीक्षा देऊन पंच झाला. नव्या गावात आम्ही उपरे होतो. घरं मिळेनाशी झाली ती आमच्यामुळे, नोकऱ्या गेल्या त्याही आमच्यामुळे, असं बाजारात कानावर यायचं. अशात कचेरीच्या संघाचा, म्हणजे आम्हा नागपूरवाल्यांचा, शहरातल्या एका जुन्या मोहल्ल्याशी सामना ठरला. दुसरा पंच मिळेना, तेव्हा दोन्हीकडून दादालाच मान्यता मिळाली.

आम्ही बायका कडेला सतरंजीवर बसलो होतो. बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. मोहल्ल्याचा कप्तान रशीद, सायकलदुरुस्तीचं दुकान असलेला उंचापुरा माणूस, गोलरक्षकाला चुकवून पुढे आला आणि त्यानं चेंडू मारला. समोर नुसते दोन खांब, जाळी नव्हतीच. तेवढ्यात मागून एक शेळी आत शिरली… चेंडू तिच्या पोटावर आदळून परत आला. दादानं शिट्टी वाजवली आणि गोल नाकारला. चेंडू रेषेपलीकडे गेलेला नाही, वाटेत जनावराला लागला, म्हणजे पंचानं तिथंच चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा, असा नियम. तो दोन्ही कप्तानांना समजावत होता, पण ऐकतंय कोण? शेळी नसती तर गोल होता, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. सामना बरोबरीत सुटला. 'अपनों को बचा लिया' म्हणत लोक पांगले.

ते दादानं सोसलं. खरा घाव बसला तो घरी आल्यावर. कचेरीतली मंडळी पेढे घेऊन आली. त्यांतले एक जण म्हणाले, "मधुकरराव, वेळेला आपला माणूसच उपयोगी पडतो."

दादाचा चेहरा उतरला. "शेळी तुमच्या चेंडूला आडवी आली असती, तरी मी हेच केलं असतं," तो म्हणाला. "पेढे घेऊन जा."

मंडळी दुखावली. कचेरीत कितीतरी दिवस त्याच्याशी कुणी धड बोलेना. मोहल्ल्यात तो पक्षपाती ठरला, आपल्यांत शिष्ट. एकदा जेवता जेवता मला म्हणाला, "चुकलो असतो तर माफी मागितली असती गं. बरोबर असल्याचं काय करू?"

शेवटी एका रविवारी तो रशीदभाईंच्या दुकानी गेला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढे रशीदभाईंनीच मला सारं सांगितलं. दादानं ट्यूबच्या तुकड्यांनी जमिनीवर गोलचे खांब आणि रेषा मांडली आणि नियम समजावला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "बाबूजी, कानून ग़लत है… पर आप सही हैं." त्यानंतर मोहल्ल्याच्या सामन्यांना पंच म्हणून बोलवायला ते स्वतः आमच्या क्वार्टरवर आले. वहिनी घरात आल्या, दादानं भोपाळातच कोटऱ्याला घर बांधलं, तो आणि रशीदभाई दोघेही म्हातारे झाले, तरी त्या कायद्यावरून त्यांचं भांडण चालूच राहिलं… हसत हसत.

निवृत्तीनंतर दादा नेहरूनगरच्या मैदानावर पोरांचे सामने बघायचा. खेळाआधी तो चारही कडांनी मैदान फिरायचा, वाकून खडे-काचा वेचायचा. पोरं वैतागायची. परवा सहज तिकडे गेले. सामना सुरू व्हायचा होता. दोन्ही संघांचे कप्तान मुकाट्यानं कडेकडेनं चालत होते, मधेच वाकत होते. मी विचारलं तर त्यांतला एक खिशात खडे टाकत म्हणाला, "घूमना तो पड़ेगा ना, आंटी." त्यांची फेरी पुरी होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.