घर बघायला गेलो तेव्हा

इंग्लंडमध्ये रीडिंग शहराजवळच्या लहान गावात मुलगा मला घर बघायला घेऊन गेला. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी लाडू घेतले. मुलगा म्हणाला, "आई, आपण घर बघायला चाललोय, मुलगी नाही. आणि किंमत कमी करून मागायचीय, तू काही बोलू नकोस." न बोलणं मला चांगलं जमतं.

घरमालक म्हातारे होते. प्रत्येक खोलीचं दार उघडून ते आधी दिवा लावायचे आणि पाहुण्याला वाट द्यावी तसे बाजूला उभे राहायचे. मुलगा वर खोल्या मोजायला गेला. मी चपला काढून सोफ्यावर बसले. त्यांनी चहा दिला, लाडू खाल्ला, बोटं चाटली. गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून माझ्या चौथीपर्यंतच्या इंग्रजीत विचारलं, "यू गो व्हेअर?"

ते सावकाश बोलले, म्हणून समजलं. लेक लीड्सला राहते, इथे तिला घर परवडलं नाही. आता हे विकून तेच तिच्याजवळ चाललेत. मग हसून म्हणाले, "मी या गावात जन्मलो. आज हे घर मलाही घेता येणार नाही."

आम्हालाही परवडत नाही, हे सांगायला मी म्हटलं, "वी ऑल्सो नो."

मुलगा तेवढ्यात जिना उतरत होता.

घर तिसऱ्याच कुणाला गेलं. मुलगा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. मला मात्र वाटतं, त्या दिवशी त्या घरात ते घरमालक आणि मी, आम्ही दोघंच काय ती निवांत बसलो होतो.