पेट्रोलात मिसळलेलं ऑइल

नवीन मशीन आलं की त्यासोबतचं पुस्तक मी उघडत नाही. वाईट खोड आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी वीस-बावीस वर्षं फिटर आहे. फिटरनं पुस्तक वाचायचं म्हणजे आचाऱ्यानं फोडणी कशी द्यायची ते शेजारी विचारत फिरायचं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यानं गेटजवळच्या हिरवळीसाठी गवत कापायचं मशीन आणलं. चार चाकांचं, ढकलत न्यायचं, वर छोटं पेट्रोल इंजिन. सोमवारी परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं आणि मॅनेजरसाहेबांना तोवर हिरवळ एकसारखी कापलेली हवी होती. मी खोक्यातून मशीन काढलं, दांडा बसवला, नट आवळले. आमची बाग बघणारे माळीमामा शेजारी उभे होते. मोहोळकडच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारा, साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. ठेकेदारामार्फत लागलेले, म्हणजे साहेबानं मान हलवली की उद्यापासून घरी.

"ह्यात ऑइल कसं घालायचं वं?" त्यांनी विचारलं.

"फवारणी पंपाला घालता तसंच की. पेट्रोलात मिसळून," असं म्हणून मी आत लूमकडे निघून गेलो.

आमच्याकडं हे सगळ्यांना पाठ असतं. मीही मोडनिंबजवळच्या शेतकरी घरातला, डाळिंबाच्या बागेत पाठीवर पंप घेऊन वाढलेला. त्या पंपाचं इंजिन पेट्रोल आणि ऑइल एकत्रच पितं. त्यामुळं छोटं इंजिन दिसलं की हात आपोआप ऑइलची बाटली पेट्रोलात ओततो. या मशीनचं इंजिन मात्र मोटारसायकलसारखं होतं. त्याचं ऑइल वेगळ्या तोंडातून खाली इंजिनच्या पोटात घालायचं असतं आणि नव्या मशीनमध्ये ते पोट रिकामंच येतं. माझ्या मोटारसायकलचं ऑइल मी स्वतः बदलतो. तरी त्या दिवशी डोकं चाललं नाही.

गुरुवारी सकाळी मामांनी मशीन सुरू केलं. पंधरा मिनिटं चाललं असेल. मग कर्कश आवाज झाला आणि इंजिन थांबलं. मी गेलो, दोरी ओढली, तर ती जागची हलेना. प्लग काढून पुन्हा ओढली, तरी तेच. तेव्हा बाजूचं काळं झाकण दिसलं. ते फिरवून ऑइल मोजायची काडी बाहेर काढली. काडी कोरडी ठणठणीत होती.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आलेच. मी काडी घाईनं परत आत खुपसली.

"काय झालं?"

"जाम झालंय, साहेब."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. "ऑइलपाणी न बघता चालवलं असेल ह्यांनी. नवंकोरं मशीन! मशीनच्या कंपनीचा माणूस बोलवा."

कंपनीच्या माणसानं आल्या आल्या विचारलं असतं, ऑइल कुठं घातलं आणि कुणी सांगितलं. मी लगेच म्हणालो, "कशाला साहेब? मीच खोलून बांधतो. सोमवारच्या आत चालू करून देतो."

"द्या. नाही झालं तर ह्या मामांना सोमवारपासून सुट्टी." साहेब निघून गेले.

मामा मान खाली घालून उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोललो. मनाशी हिशेब मांडला, की इंजिन चाललं म्हणजे मामांचं काम राहील, मग कुणी काय सांगितलं याची चौकशी हवीच कशाला. माझी अब्रूही राहील. भित्र्या माणसाला असे हिशेब फार लवकर जमतात.

प्लगच्या भोकातून डिझेल ओतून इंजिन भिजत ठेवलं. शुक्रवारी पातं धरून थोडं पुढं, थोडं मागं असं हलवत बसलो. दुपारी कुठं ते सुटलं. मग खोललं. सिलिंडरच्या आत पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. पिस्टनला क्रँकच्या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडनं तर क्रँकला मिठीच मारली होती. घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, "तुमचं मशीन हाय का ते? मग एवढं कशाला तोंड पाडून बसलाय?" तिलाही खरं सांगितलं नाही.

शनिवारी सगळे भाग पिशवीत घालून शहरात गेलो. तिथं ओळखीच्या एका चाचांचं लेथचं दुकान आहे. त्यांनी चष्मा वर केला, रॉड बोटावर फिरवून पाहिला.

"तेल नै डाले क्या इसमें? कौन चलाया इसकू?"

"माळ्यानं," मी म्हणालो.

मामांनीच चालवलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तरी माझे कान गरम झाले. चाचा चुकचुकले, म्हणाले, "बेचारे कू कोई सिखाया नै होगा." मी पिशवीतून सिलिंडर काढून पुढं ठेवला.

चाचांनी क्रँकवरचं चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढून त्याला बारीक पॉलिश पेपर मारून दिला. सिलिंडर घासून गुळगुळीत केला. असंच इंजिन शेतातल्या पाण्याच्या पंपावर येतं, म्हणून पिस्टन, रिंगा आणि रॉड बाजारात मिळाले. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

रविवारी सकाळी कारखान्यात बसून इंजिन बांधलं. या वेळी पुस्तक शेजारी उघडं होतं आणि प्रत्येक ओळीवर मी बोट ठेवत होतो. खालच्या तोंडातून ऑइल ओतलं, काडी तीनदा बघितली. दोरी ओढली. इंजिननं असा झटका दिला की मनगट मुरगळलं. पुन्हा ओढली, पुन्हा झटका. घड्याळात साडेअकरा. मामा कोपऱ्यात उकिडवे बसून नुसते बघत होते. त्यांनी काहीतरी बोलावं, निदान शिवी तरी द्यावी, असं मला वाटत होतं. शेवटी पुन्हा खोललं. आतल्या दोन गिअरवरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात, त्या एका दातानं चुकल्या होत्या. बरोबर बसवल्या, बांधलं, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. थोडा धूर सोडला आणि मग सरळ चालू राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळं नव्हतं.

मामा मशीन घेऊन हिरवळीवर गेले. निम्मी कापून होते न होते तोच साहेब उद्याची तयारी बघायला आले.

"वा, फिटर! मानलं तुम्हाला." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पण ह्या मामांचं मी ठेकेदाराशी बोललोय. गिऱ्हाईक येऊन गेलं की बदलू या. पुन्हा मशीन जाळतील."

माझा सगळा हिशेब तिथंच चुकला. शेवटी तोंड उघडलं.

"साहेब, ऑइल पेट्रोलात घाला म्हणून मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं मला. चूक माझी आहे."

साहेब चक्क हसले. "तुमच्यासारख्या फिटरला एवढं कळत नाही होय? कशाला दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेता!"

"खरंच सांगतोय, साहेब."

"बरं बरं. तुमच्या शब्दाखातर ठेवतो त्यांना. माणूस चांगले आहात तुम्ही." माझ्या खांद्यावर थोपटून ते गेटकडे गेले.

मामांनी मशीन बंद केलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेलो. "मामा, मी गुरुवारीच बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ते म्हणाले.

"पण तुमी का न्हाय सांगितलं सायबाला? माझं नाव घ्यायचं की," मी म्हणालो.

त्यांनी पात्याखाली अडकलेलं गवत हातानं काढलं. "तुमी हुता की तितंच हुबं. तुमी गप ऱ्हायला. म्हनलं, आता मी सांगितलं आन् तुमी न्हाय म्हनला, तर मग काय करायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी दोरी ओढली, इंजिन लागलं आणि ते राहिलेलं गवत कापायला गेले.